आतड्याची जुनाट सूज: आजार एकच, पण प्रत्येक मुलखात सुरुवात वेगळी

संडासातून रक्त पडू लागलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो मूळव्याध. चिकट शेंबडासारखं पडलं तर ‘आव झाली’ म्हणायचं. पोट दुखतंय, संध्याकाळी ताप येतोय, वजन उतरतंय, म्हणजे टीबी. बहुतेक वेळा हे अंदाज बरोबरही निघतात. पण काही जणांच्या बाबतीत ते चुकतात आणि चूक लक्षात येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे निघून गेलेली असतात. त्या काळात आतड्याचे जे नुकसान होते, ते पुढे औषधाने पूर्ण भरून येतेच असे नाही.

आज आम्ही ज्या आजाराची माहिती देत आहोत त्याला डॉक्टर ‘इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज’ म्हणतात, थोडक्यात आयबीडी. म्हणजे आतड्याला येणारी जुनाट सूज. या आजाराची पुस्तकी लक्षणे बहुतांश युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांना पाहून लिहिली गेली. आशियात, भारतात आणि आखाती देशांत तो सुरू कसा होतो आणि पहिल्या काही वर्षांत कुठे जातो, याचे चित्र पुष्कळ बाबतींत वेगळे आहे. हा फरक माहीत असला तर रुग्णाचा वेळ वाचतो, आणि या आजारात सुरुवातीचा वेळ हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे.

आजार नेमका काय आहे?

आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. हा फक्त मोठ्या आतड्याचा आजार. गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर चढतो. सूज आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती असते. रक्तमिश्रित पातळ शौच, दिवसातून अनेकदा घाईघाईने पळावे लागणे, रात्री झोपेतून उठावे लागणे ही त्याची ओळख. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये त्याचे वर्णन केले.

दुसरा क्रोन्स. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातले बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये त्यावर लेख लिहिला, म्हणून हे नाव. हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तो सांधा ही त्याची आवडती जागा. मधला काही भाग सुजलेला, मग थोडा चांगला, मग पुन्हा सुजलेला, असे त्याचे चालते. सूज आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते.

क्रोन्सची तीन रूपे लक्षात ठेवावीत, कारण पुढची सगळी तुलना त्यांवरच आहे. पहिले रूप नुसत्या सुजेचे. दुसऱ्यात जखमा भरताना आतडे आकसते आणि अरुंद होते. अन्न पुढे सरकत नाही, पोट फुगते, उलट्या होतात. तिसऱ्यात भिंतीला भोक पडून पू साठतो किंवा नासूर तयार होतो. गुदद्वाराजवळ भगंदर होणे ही वेगळी नोंदली जाणारी गुंतागुंत. सूज औषधाला ऐकते. अरुंद होऊन कडक झालेला भाग सहसा ऐकत नाही, तिथे फुगा घालून रुंद करावे लागते किंवा ऑपरेशन करावे लागते.

दोन गैरसमज इथेच दूर करूया. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एक संडास वापरल्याने तो लागत नाही. आणि आयबीडी म्हणजे आयबीएस नव्हे. आयबीएसमध्ये पोट त्रास देते, पण आतड्याला जखमा नसतात, रक्त पडत नाही.

कुठे किती रुग्ण?

२०१७ सालच्या जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे ६८ लाख लोकांना आयबीडी होता. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपात प्रमाण सर्वांत जास्त. तिथल्या अनेक देशांत दर हजारात ३ किंवा त्याहून अधिक माणसांना हा आजार आहे.

युरोपातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांची एकाच पद्धतीने नोंद केली. पश्चिम युरोपात लाखामागे वर्षाला सुमारे १८ नवे रुग्ण निघाले, पूर्व युरोपात सुमारे ८. उत्तर अटलांटिकमधल्या छोट्याशा फेरो बेटांवर हा आकडा लाखामागे ८० च्या वर होता.

आशियासाठी असाच अभ्यास २०११-१२ मध्ये झाला. चीन, हाँगकाँग, मकाऊ, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, श्रीलंका आणि थायलंड, तुलनेसाठी ऑस्ट्रेलिया. आशियात लाखामागे वर्षाला १.३७ नवे रुग्ण, ऑस्ट्रेलियात २३.६७. पुढच्या फेरीत भारत सामील झाला. तेव्हा इथला आकडा लाखामागे ९ च्या वर गेला, अभ्यासातल्या आशियाई देशांत सर्वांत जास्त.

म्हणजे ‘हा गोऱ्या लोकांचा आजार’ हे खरे नाही. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन ५१ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण लाखात ४४ निघाले. युरोपापेक्षा कमी, पण ‘नाहीच’ म्हणण्याइतके मुळीच नाहीत. आणि आपली लोकसंख्या पाहता दर कमी असला तरी रुग्णांची एकूण संख्या फार मोठी होते.

पहिल्या भेटीतच दिसणारा फरक

आशिया-ऑस्ट्रेलिया अभ्यासातला एक आकडा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्रोन्सचे निदान झाले त्याच वेळी आतडे अरुंद झालेले, भोक पडलेले किंवा भगंदर असलेले रुग्ण आशियात ५२ टक्के होते. ऑस्ट्रेलियात २४ टक्के. म्हणजे आशियातला दर दुसरा रुग्ण डॉक्टरकडे पोहोचला तेव्हा गुंतागुंत आधीच झालेली होती.

याच्या बाजूला अमेरिकेचा एक आकडा ठेवा. मिनेसोटा राज्यातल्या ऑल्मस्टेड काउंटीतल्या क्रोन्सच्या रुग्णांचा अनेक दशके पाठपुरावा झाला आहे. तिथे आतडे अरुंद होणे किंवा भोक पडणे हे निम्म्या रुग्णांत व्हायला साधारण २० वर्षे लागली. त्या मोजणीत भगंदर धरलेले नाही, त्यामुळे दोन्ही आकडे जसेच्या तसे जुळवता येत नाहीत. पण दिशा स्पष्ट दिसते. एका ठिकाणी बहुतेक रुग्ण सुजेच्या टप्प्यावर सापडतात, दुसऱ्या ठिकाणी पुष्कळ रुग्ण तो टप्पा ओलांडून आलेले असतात.

आशियातला क्रोन्स मुळातच जास्त आक्रमक आहे, की आपण उशिरा पोहोचतो? दोन्ही गोष्टी थोड्या-थोड्या खऱ्या असाव्यात. युरोपचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे पूर्व आणि पश्चिम भागांत रुग्णांच्या प्रमाणात दुपटीचा फरक होता, पण निदानाच्या वेळचे आजाराचे रूप जवळपास सारखेच होते. प्रमाण कमी आहे म्हणून आजार वेगळा असतो, असे त्यावरून दिसत नाही. आशियात मात्र प्रमाणही वेगळे आणि रूपही वेगळे.

बाकीचे फरक थोडक्यात असे:

- स्त्री-पुरुष: पश्चिमेत क्रोन्स स्त्रियांत किंचित जास्त. आशियात पुरुषांत जास्त. दक्षिण कोरियात तर पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे.
- भगंदर: कोरियात क्रोन्सच्या दर तीन रुग्णांत एकाहून अधिक जणांना निदानाच्या वेळी किंवा आधीच भगंदर असतो. तरुण पुरुषाला भगंदर झाला तर तिथले डॉक्टर आतड्याकडेही बघतात. आपल्याकडे भगंदराचे प्रमाण कोरियापेक्षा कमी दिसते, पण जो दिसतो त्याचे नुसते ऑपरेशन होते आणि आत कोणी बघत नाही, असे पुष्कळदा घडते.
- कुटुंबातला इतिहास: ऑस्ट्रेलियातल्या १७ टक्के रुग्णांच्या घरात आणखी कुणाला आयबीडी होता. आशियात फक्त ३ टक्के. म्हणून ‘आमच्या खानदानात कुणाला नाही’ यावरून आपल्याकडे काहीच ठरत नाही.
- भारतातल्या भारतात: उत्तरेत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण जास्त दिसतात. दक्षिणेत, विशेषतः केरळमध्ये, क्रोन्सचा वाटा मोठा आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हे फरक इतके ठळक नाहीत. आशियातल्या रुग्णांत मोठे आतडे काढून टाकण्याची वेळ पश्चिमेपेक्षा कमी जणांवर आलेली दिसते. पण याचा अर्थ आपल्याकडचा कोलायटिस ‘साधा’ असतो असा घेऊ नये. अचानक भडकलेला कोलायटिस कुठल्याही मुलखात जीवघेणा ठरू शकतो.

टीबी की क्रोन्स? आपल्या भागातला सर्वांत अवघड प्रश्न

युरोपातल्या डॉक्टरला हा प्रश्न क्वचितच पडतो. आपल्याकडे तो रोजचा आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघांनाही तोच सांधा आवडतो, जिथे लहान आतडे मोठ्याला मिळते. दोघांत पोट दुखते, वजन उतरते, जुलाब होतात, आतडे अरुंद होते. दुर्बिणीतून पाहिले तर जखमा सारख्या, तुकडा काढून तपासला तर सूक्ष्मदर्शकाखालीही पुष्कळदा सारखेच दिसते.

काही खुणा एका बाजूला झुकतात. रोज येणारा ताप, रात्रीचा घाम, पोटात पाणी होणे, छातीच्या फोटोत डाग, स्कॅनमध्ये मोठ्या आणि मधून सडलेल्या गाठी, त्रास काही महिन्यांचाच असणे हे टीबीकडे बोट दाखवते. शौचातून रक्त, वर्षानुवर्षे येत-जात राहणारा त्रास, भगंदर, सांधेदुखी, तोंडात वारंवार फोड, आतड्याचे लांबच लांब किंवा अनेक तुटक भाग सुजलेले असणे हे क्रोन्सकडे. बायोप्सीत टीबीचे जंतू सापडले तर प्रश्न मिटतो. पण खरोखर टीबी असलेल्या अनेकांतही ते सापडत नाहीत.

अशा वेळी आपल्याकडचे डॉक्टर आधी टीबीची औषधे सुरू करतात. त्यात चूक काही नाही. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले आणि निघाला टीबी, तर तो अंगभर पसरू शकतो. अडचण पुढे येते. टीबीच्या गोळ्यांवर क्रोन्सच्या काही रुग्णांनाही थोडे दिवस बरे वाटते. दुखणे कमी होते, भूक लागते. घरचे म्हणतात, औषध लागू पडले. आत मात्र जखमा तशाच असतात.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी यावर बरेच काम केले आहे. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, बरे वाटतेय की नाही यावर विसंबू नये. टीबीची औषधे सुरू केल्यावर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून जखमा भरल्या का ते पाहावे. टीबी असेल तर तोवर जखमा भरू लागलेल्या असतात. क्रोन्समध्ये त्या सहसा भरत नाहीत. दोन, क्रोन्सच्या ज्या रुग्णांना आधी टीबीची औषधे दिली गेली होती, त्यांच्यात आतडे अरुंद होण्याचा धोका जास्त दिसला. योग्य उपचार लांबले, हे त्याचे एक सरळ कारण.

समजा, रत्नागिरीकडचा पंचविशीतला एक मुलगा आहे. पोटात कळा येतात, वजन दहा किलोने उतरलंय. टीबीचा कोर्स सुरू झाला, महिनाभर बरं वाटलं. पुन्हा तपासणी कुणी सांगितली नाही, किंवा सांगितली तर खर्चाच्या भीतीने टाळली. सहा महिन्यांनी कोर्स संपला, त्रास परत आला. मग दुसऱ्या डॉक्टरांनी ‘टीबी उलटला’ म्हणून पुन्हा कोर्स दिला. वर्ष सरलं. एका रात्री पोट फुगून उलट्या सुरू झाल्या आणि आतडे बंद पडल्याचे निघाले. असे होऊ नये म्हणून मधली ती एक तपासणी.

आतड्याच्या साध्या टीबीला सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स बहुधा पुरतो आणि सरकारी कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. जखमा भरत असतील तर कोर्स मध्येच सोडू नका. भरत नसतील तर तोच कोर्स डोळे झाकून पुन्हा घेऊ नका.

इथे कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या आपल्या घरांना लागू होणारी एक गोष्ट सांगायला हवी. आखातात नोकरीला जाण्याआधी मेडिकल होते आणि त्यात छातीचा एक्स-रे काढतात. टीबीची खूण दिसली तर व्हिसा अडकतो. या भीतीने काही तरुण पोटाचा त्रासही लपवतात, ‘आधी जाऊन येतो, मग बघू’ म्हणतात. त्रास टीबीचा असो वा क्रोन्सचा, लपवलेले सहा महिने आतड्याच्या खात्यावर लिहिले जातात. परदेशात आजार बळावला तर नोकरी आणि तब्येत दोन्ही जातात.

आखातात आणि अरब देशांत काय दिसते?

सौदी अरेबिया, कुवेत, लेबनॉन या देशांत गेल्या काही दशकांत आयबीडी वाढलेला दिसतो. शहरी राहणी, बदललेला आहार, सिगारेट आणि चांगल्या तपासण्या ही सगळी कारणे सांगितली जातात. तिथेही क्रोन्स मुख्यतः तरुणांत निघतो.

या भागातून वैद्यकशास्त्राला एक मोठी माहिती मिळाली. काही बाळांना जन्मानंतर काही महिन्यांतच भयंकर कोलायटिस आणि भगंदर होतो, नेहमीची औषधे चालत नाहीत. २००९ मध्ये तुर्की आणि लेबनीज कुटुंबांतल्या अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सूज आवरणारा ‘आयएल-१०’ नावाचा निरोप पेशींना ऐकूच येत नाही, असा एका जनुकातला दोष त्यांच्यात सापडला. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. म्हणून जवळच्या नात्यात लग्न झालेल्या कुटुंबांत तो जास्त दिसतो. अशा मुलांवर अस्थिमज्जा रोपण हा उपाय ठरू शकतो.

हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. चुलत-मावस नात्यात लग्ने आपल्या समाजात होतात, मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या इतर समाजांतही होते. अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात. आणि मोठेपणी होणारा नेहमीचा आयबीडी या एका दोषामुळे होत नाही. पण सहा वर्षांखालच्या, विशेषतः दोन वर्षांखालच्या मुलाला सतत रक्ताची शौच होत असेल, वजन वाढत नसेल, गुदद्वाराजवळ गळू येत असतील आणि आईबाप नात्यातले असतील, तर ही गोष्ट मुलांच्या पोटविकार तज्ज्ञाला आपणहून सांगावी. लाजून लपवू नये. त्या माहितीने उपचाराची दिशाच बदलू शकते.

मुलूख बदलला की आजार बदलतो का?

याचे उत्तर इंग्लंडला गेलेल्या आपल्याच लोकांनी दिले. लेस्टर शहरात गुजराती आणि पंजाबी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तिथे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय वंशाच्या लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण स्थानिक गोऱ्यांपेक्षाही जास्त निघाले. म्हणजे भारतीय रक्तात या आजारापासून काही खास संरक्षण नाही. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातल्या बांगलादेशी रुग्णांच्या अभ्यासात कोलायटिस आतड्याच्या मोठ्या भागात पसरलेला आणि क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळचा त्रास जास्त, असे दिसले. देश इंग्लंड, दवाखाने तेच, तरी रूप शेजारच्या गोऱ्या रुग्णांपेक्षा वेगळे. त्यामुळे फरकाचे सगळे खापर उशिरा निदानावर फोडता येत नाही.

मग कारणे कोणती? जनुकांचा वाटा आहे. युरोपात क्रोन्सशी जोडलेले एनओडी-२ नावाच्या जनुकातले बदल आशियाई रुग्णांत जवळपास सापडत नाहीत. पूर्व आशियात टीएनएफएसएफ-१५ या दुसऱ्या जनुकाचा संबंध जास्त ठळक आहे. वातावरणाचाही वाटा आहे, आणि तोही मुलखाप्रमाणे बदलतो. लहानपणी घेतलेली अँटिबायोटिक्स पश्चिमेत क्रोन्सचा धोका वाढवणारी मानली जातात. आशियातल्या अभ्यासात मात्र उलटे दिसले. वर्षभराहून जास्त अंगावर पाजलेल्या मुलांत पुढे क्रोन्स कमी आढळला, हेही तिथेच दिसले. यावरून कुणी मुलांना उगाच अँटिबायोटिक देऊ नये. मुद्दा इतकाच की एका देशातला नियम दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लागू होत नाही.

उपचारातही मुलूख पाहावा लागतो

औषधे जगभर बरीचशी तीच आहेत: मेसालामाइन, स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि सूज थांबवणारी बायोलॉजिक इंजेक्शने. पण आपल्याकडे दोन जादा खबरदाऱ्या लागतात.

पहिली अझाथायोप्रिनची. काही लोकांत ही गोळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने कमी करते. युरोपात त्यासाठी टीपीएमटी ही तपासणी पुरेशी वाटायची. कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की आशियाई लोकांत यामागे एनयूडीटी-१५ नावाचे वेगळे जनुक असते. भारतीयांतही हे बदल आढळतात. म्हणून सोय असेल तर ही तपासणी आधी करावी. नसेल तर डोस कमी ठेवून सुरू करावे आणि सुरुवातीला वरचेवर रक्त तपासावे. औषध सुरू झाल्यावर अचानक खूप केस गळू लागले किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

दुसरी टीबीचीच. आपल्यापैकी अनेकांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी इंजेक्शने त्यांना जागे करू शकतात. म्हणून छातीचा फोटो, त्वचेची किंवा रक्ताची टीबी तपासणी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झाल्याशिवाय ती सुरू करत नाहीत. घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर सांगायला विसरू नका.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

खालीलपैकी काहीही असेल तर मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेऊन दिवस काढू नयेत:

- चार आठवड्यांहून जास्त जुलाब, किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब
- शौचातून रक्त येऊन ‘मूळव्याध’ किंवा ‘आव’ यांच्या औषधाने न थांबणे
- कारण नसताना वजन उतरणे, रक्त कमी होणे, मुलांची उंची न वाढणे
- जेवणानंतर पोटात कळा, पोट फुगणे, उलट्या
- भगंदर पुन्हा पुन्हा होणे
- पोटाच्या त्रासासोबत सांधे सुजणे, डोळे लाल होणे, तोंडात फोड येणे

शौचातली ‘कॅलप्रोटेक्टिन’ ही तपासणी आतड्याला सूज आहे की नाही हे सांगते. सूज कशामुळे आहे ते ती सांगत नाही, पण कोलोनोस्कोपीची गरज कुणाला आहे हे ठरवायला ती उपयोगी पडते. स्त्रियांनी विशेष लक्ष द्यावे. गुदद्वाराचा त्रास सांगायची लाज वाटते म्हणून आपल्या बहिणी महिनोन् महिने गप्प बसतात. महिला डॉक्टर हवी असेल तर तसे सांगा, पण तपासणी टाळू नका.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, त्यांनी सूज भडकू शकते. सिगारेट सोडा. आधीचे सगळे कागद, बायोप्सीचे अहवाल, कोलोनोस्कोपीचे फोटो एका फाईलमध्ये ठेवा. डॉक्टर बदलले की तीच फाईल वेळ वाचवते.

रमजानबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाते. आजार शांत असेल तर काही रुग्ण रोजे ठेवू शकतात, पण ते ठरवायचे डॉक्टरांशी बोलूनच, आणि रमजानच्या आधी. आजार भडकलेला असेल, जुलाबाने अंगातले पाणी जात असेल, आतडे अरुंद झालेले असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर रोजा टाळावा. आजाऱ्याला ही सवलत कुरआननेच दिली आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करणे तर फारच धोक्याचे. सहरी आणि इफ्तारच्या वेळात औषधे कशी बसवायची ते डॉक्टर सांगतील.

आयबीडी मुळापासून जात नाही, पण वेळेत सापडला तर ताब्यात राहतो. असे रुग्ण शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात, त्यांना मुलेबाळे होतात. आपल्या भागात हा आजार मूळव्याधीचे, आवेचे किंवा टीबीचे नाव घेऊन येतो, एवढे लक्षात ठेवा. औषध लागू पडत नसेल तर ‘हे दुसरं काही असू शकतं का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.